ती तुमच्याआधी पान उलटते, कारण चित्रातली गंमत तिला आधी दिसते

तुम्ही लिहिलंय की तुमची साडेतीन वर्षांची मुलगी गोष्ट वाचून दाखवताना नीट ऐकत नाही. मध्येच पान उलटते, नाहीतर तुमचं वाक्य तोडून चित्राच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर बोट ठेवते. आणि तरीही एकच विनोदी पुस्तक रोज रात्री मागते. या वयासाठी हसवणारी चित्रपुस्तकं कशी निवडायची, ती कशी वाचायची, आणि तेच ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बारा वर्षं मुलांच्या एका वाचनालयात दर आठवड्याला तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. घरी भाच्याला मांडीवर घेऊन वाचलं ते वेगळंच. त्यामुळे आधी तुमची काळजी दूर करते. तुमची मुलगी ऐकते आहे, आणि त्याच वेळी वाचतेही आहे. तुमचे डोळे अक्षरांवर असतात, तिचे चित्रावर. तुम्ही ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिने अख्खं चित्र पाहून घेतलेलं असतं, त्यातली गंमत हेरलेली असते आणि पुढे काय झालं हे बघायची तिला घाई झालेली असते.

चांगल्या विनोदी चित्रपुस्तकाची सगळी गंमत इथेच असते. शब्द एक सांगतात, चित्र भलतंच दाखवतं, आणि हसू त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून येतं. पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' हे साठच्या दशकातलं पुस्तक याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. अख्ख्या पुस्तकात मिळून एकच वाक्य, मूळ इंग्रजीत ३२ शब्दांचं. एक कोंबडी फेरफटका मारायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. बस. पण प्रत्येक चित्रात तिच्या मागावर एक कोल्हा आहे. तो कधी तळ्यात पडतो, कधी गवतात बुडतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. कोल्हा हा शब्द मजकुरात एकदाही येत नाही. म्हणजे नुसतं ऐकणाऱ्याला गोष्ट कळतच नाही, ती पाहणाऱ्यालाच कळते. ज्या मुलाला अजून एक अक्षर ओळखता येत नाही त्याच्या हातात गोष्टीचा मोठा अर्धा भाग असतो, आणि वाचणारं मोठं माणूस मात्र कोल्ह्याचं नावही न घेता पुढे जात असतं. तीन वर्षांच्या मुलाला एरवी घरात सगळ्यांपेक्षा कमी माहीत असतं. इथे त्याला जास्त माहीत असतं. त्या हसण्यात हा आनंदही मिसळलेला असतो.

ही युक्ती चांगली जुनी आहे. रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराने १८८२ साली एका जुन्या बडबडगीताची चित्रं काढली. गीताचे शब्द संपतात ते ताटली चमच्याबरोबर पळून गेली इथे. कॅल्डेकॉट मात्र आणखी एक चित्र काढतो, एकाही शब्दाशिवाय. ताटली फुटून पडली आहे आणि चमच्याला सुरी आणि काटा दोन्ही बाजूंनी धरून घरी घेऊन चालले आहेत. शब्दांत नसलेला शेवट चित्राने सांगून टाकला. अमेरिकेत चित्रपुस्तकासाठी १९३८ पासून दिलं जाणारं पदक याच माणसाच्या नावाचं आहे, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

हे वाचताना काय होतं ते एका प्रसंगातून सांगते. आमच्याकडे एक पुस्तक होतं, हरवलेला चष्मा शोधणाऱ्या आजोबांचं. उशीखाली बघतात, नाही. कपाटात बघतात, नाही. मांजराला उचलून तिच्या पोटाखाली बघतात, तिथेही नाही. चष्मा पहिल्या पानापासून त्यांच्या कपाळावर आहे. मी अगदी गंभीर आवाजात वाचत होते. मागच्या रांगेत चारेक वर्षांची एक मुलगी बसायची. दोन महिने येत होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती. तिसऱ्या पानाला ती उठली, बसलेल्या मुलांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि चित्रातल्या आजोबांच्या कपाळावर बोट टेकवलं. मी म्हटलं, "काय गं, माशी बसलीय का त्यांच्या डोक्यावर?" ती ओरडली, "चष्मा!" मी चित्राकडे पाहिलं, पुन्हा मजकुराकडे पाहिलं, आणि म्हटलं, "इथे तर लिहिलंय कपाटात नाही." मग सगळा वर्ग गुडघ्यांवर उभा. "तिथे नाही, डोक्यावर, डोक्यावर!" मी पान उलटलं आणि त्याच गंभीरपणे वाचलं, "आजोबांनी पलंगाखाली वाकून पाहिलं." मुलं हसून हसून एकमेकांवर कोसळली. ती मुलगी मात्र पुस्तकाजवळून हलली नाही. शेवटच्या पानापर्यंत तिचं बोट चष्म्यावरच होतं. पुढच्या आठवड्यात आल्या आल्या तिने विचारलं, "त्यांना सापडला का?" उत्तर तिला माहीत होतं. तिला ते सगळं पुन्हा हवं होतं.

म्हणून वाचण्याबाबत माझा पहिला सल्ला हाच, की चित्रातलं तुम्हाला काही दिसतच नाही असं सोंग घ्या. चित्रातली गंमत तुम्ही आधी दाखवू नका, "बघ बघ, चष्मा कुठे आहे" असं म्हणू नका. साध्या चेहऱ्याने शब्द वाचा आणि तिला तुम्हाला पकडू द्या. तिने पकडलं तरी लगेच मान्य करू नका. आणि विनोद समजावून तर अजिबात सांगू नका. "आजोबा विसराळू आहेत ना, म्हणून हसायचं" असं म्हटलं की हसू तिथेच मरतं.

दुसरं म्हणजे पान उलटण्याआधी थांबणं. विनोदी चित्रपुस्तकात पान उलटणं म्हणजे पडदा उघडणं. लेखक आणि चित्रकार फार विचार करून ठरवतात की उजव्या पानावर गोष्ट कुठे अडवायची आणि कागदाच्या मागे काय लपवायचं. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदाची घडी घालून छापताना पानं आठ किंवा सोळाच्या पटीत पडतात. त्यातली नाव-गाव, हक्क वगैरेची पानं वजा केली की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या जोड्या उरतात जेमतेम बारा ते पंधरा. म्हणजे पडदा उघडायच्या तेवढ्याच संधी, त्यातली एकही वाया घालवू नका. वाक्य अर्ध्यावर आलं की पानाचा कोपरा बोटात धरा, आवाज खाली आणा, श्वास घ्या, तिच्याकडे बघा. तुमची मुलगी स्वतः पान उलटते ना? मग ते काम तिलाच द्या. "मी 'आणि मग' म्हटलं की तू उलटायचं." काही दिवसांत ती त्या 'आणि मग'ची वाट बघत दम धरायला लागेल. माझ्या भाच्याचं हे चारपाच रात्रींत झालं होतं.

आवाजांविषयी लोक फार घाबरतात. सिंहाचा वेगळा, उंदराचा वेगळा, असे सोंगाचे आवाज जमले तर उत्तम, नाही जमले तरी काही बिघडत नाही. वेग बदलणं पुरेसं आहे. मात्र एक गोष्ट आपल्या भाषेत फुकट मिळते, ती सोडू नका. मराठीत कुणी नुसतं पडत नाही. धपकन पडतो, बदकन पडतो, गडगडत जातो, सुळकन निसटतो, टुणकन उडी मारतो, पाय चिखलात पचकन रुततो, फळं बदाबदा गळतात. मुलांना हे शब्द तोंडात घोळवायला आवडतात, आणि शब्दाच्या आवाजातच चित्र असतं. पुस्तक दुसऱ्या भाषेतलं असेल आणि तुम्ही ते बघता बघता मराठीत सांगत असाल, तर प्रत्येक वाक्याचा शब्दशः अर्थ लावत बसू नका. चित्रात काय धपकन पडतंय ते बघा आणि ते बोला. यमकातलं पुस्तक असेल तर यमक सोडून द्या, ठेका तेवढा धरा.

निवड करताना मी एक साधी परीक्षा घेते. आधी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघते. मग चित्रं न बघता मजकूर वाचते. दोन्हीकडे तेच सांगितलं असेल, म्हणजे शब्द म्हणतात "कुत्रा लाल चेंडूमागे धावला" आणि चित्रातही तेच, फक्त तेच, तर ते पुस्तक मी परत मांडणीत ठेवते. ते वाईट नसतं, पण त्यात मुलाला करायला काही काम नसतं. मग चेहरे बघते, कारण लहान मुलं विनोद चेहऱ्यांवर वाचतात. भुवई, डोळ्यांचे कोपरे, घाबरून ताठ झालेली शेपटी. चित्रकाराने सगळ्यांना एकसारखं गोड हसू चिकटवलं असेल तर कितीही झगमगीत रंग असले तरी ते पुस्तक हसवणार नाही. आणि शेवटी कोपऱ्यातलं कुणीतरी शोधते. गोष्टीत ज्याचं नावही नाही असा एखादा उंदीर किंवा गोगलगाय प्रत्येक पानावर आपलं वेगळंच काहीतरी करत असेल, तर ते पुस्तक वर्षभर पुरतं. मुखपृष्ठाच्या आतली पानंही बघा. कित्येकदा पहिली गंमत तिथेच दडवलेली असते आणि आपण घाईत ती ओलांडून जातो.

वयाचं म्हणाल तर एक ढोबळ क्रम लक्षात ठेवा. पॉल मॅकगी या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विनोदाच्या पायऱ्या मांडल्या आहेत आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला वस्तू चुकीच्या जागी असली की हसू येतं, बूट डोक्यावर. दोनच्या पुढे नाव चुकवलं की हसू येतं, मांजराला भू-भू म्हणा. तीन वर्षांच्या आसपास, म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाला, अशक्य गोष्टी लागतात, सायकल चालवणारा हत्ती, झाडावर झोपलेली गाय. शब्दांच्या दोन अर्थांवरचे विनोद आणि कोडी साधारण सातव्या वर्षापर्यंत थांबू शकतात. ज्या पुस्तकात सगळा विनोद शाब्दिक कोट्यांचा आहे ते मोठ्यांना फार आवडतं आणि साडेतीन वर्षांचं मूल जांभया देतं.

दोन प्रकारची पुस्तकं मी घेत नाही. एक, ज्यात शेवटच्या पानावर हसणं बंद करून उपदेश सुरू होतो. मुलांना ते पान लगेच ओळखू येतं, तिथे आलं की ती उठून जातात. दुसरं, ज्यात कुणाच्या जाडेपणावर, रंगावर किंवा अडखळत बोलण्यावर हसवलेलं असतं. ऐकणाऱ्यांत तसं एक मूल असतंच, आणि त्या वेळी त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे.

वाचताना प्रश्न विचारावेत का? हो, पण परीक्षा घेऊ नका. "हा कुठला प्राणी? रंग कोणता?" याने गोष्ट तुटते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवलं होतं. मुलाला मोकळं बोलतं करणारे प्रश्न विचारायचे आणि ते जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत द्यायचं. ती मुलं बोलण्यात पुढे गेली. विनोदी पुस्तकात हे फार सोपं आहे. "आता हा काय करेल?" एवढा एक प्रश्न पुरे. ती म्हणाली "पडेल", तर तुम्ही म्हणा, "धपकन पडेल, चिखलात?" आणि पान उलटा.

आता तेच ते पुस्तक. वाचा, तिला हवं तितक्या वेळा वाचा. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. शब्द जास्त चांगले शिकली ती त्याच गोष्टी पुन्हा ऐकणारी मुलं. विनोदाचंही तसंच आहे. पहिल्या वेळी ती चकित होऊन हसते. पाचव्या वेळी पान उलटायच्या आधीच हसते, कारण आता गंमत तिच्या मालकीची झालेली असते. विसाव्या वेळी ती कोपऱ्यातल्या गोगलगाईपाशी पोचते. तुम्हाला कंटाळा आला तर एखादा शब्द मुद्दाम चुकवा. कोंबडीच्या जागी पाणघोडा म्हणा आणि तसंच पुढे वाचत राहा. ती तुम्हाला थांबवेल, आणि जोरात थांबवेल.

झोपायच्या वेळी फक्त क्रम सांभाळा. हसवणारं पुस्तक आधी, दिवा पूर्ण चालू असताना, ती उठून बसलेली असताना. नंतर एखादं संथ, कमी शब्दांचं. उलट केलंत तर अकरा वाजेपर्यंत पाणघोडाच चालेल.