दहावीच्या यादीवर थांबू नका, पाचवीपासूनची नावं काढा

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या शाळेतून 1996 साली दहावी झालेली तुमची बॅच तीस वर्षांनी जमतेय, तर मेळावा पन्हाळा रोडला एखाद्या रिसॉर्टवर ठेवावा की शाळेत, आणि शाळेला भेट काय द्यावी.

मी कोल्हापुरातच माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. माजी विद्यार्थ्यांचे असे मेळावे आम्ही शिक्षकांनी शाळेच्या बाजूनं पाहिलेत, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

शाळेतच करा, आणि शाळा भरलेली असताना करा. रविवारी आलात तर कुलूप काढलेल्या रिकाम्या खोल्या दिसतील, फोटो निघतील आणि अकरा वाजता सगळे मिसळ खायला पांगतील. त्यापेक्षा शनिवारी या. सकाळची शाळा असते. परिपाठाला पोरांच्या मागं रांगेत उभे राहा, प्रार्थना म्हणा, एखादा तास मुलांसोबत बसा. शाळा सुटली की पुढचा दिवस तुमचाच आहे, मग तांबडा-पांढरा रस्सा कुठंही होऊ दे. फक्त जुलै-ऑगस्ट टाळा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं की शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या खेड्यांतून येणाऱ्यांचा जीव रस्ता बंद होतोय का याच्यातच अडकतो. फेब्रुवारी-मार्च शाळेला परीक्षांचा. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर सगळ्यांत बरा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या ग्रुपचं नाव बहुतेक ‘दहावी 1996’ असंच काहीतरी असेल. त्यात कोण आहेत? जे दहावीपर्यंत पोचले ते. पण तुमच्यासोबत पाचवीला बसलेली सगळी पोरं दहावीला नव्हती. कुणी सातवीत गेलं, कुणी आठवीत. काही मुलींची तर नववी व्हायच्या आत लग्नं झाली. ही मंडळी कुठल्याच ग्रुपमध्ये नसतात आणि त्यांना कुणी बोलावत नाही. मेळावा घेणारेही मुद्दाम टाळतात असं नाही, यादीच दहावीची असते.

तुम्ही दहावी 1996 म्हणजे पाचवीचा प्रवेश जून 1990 चा. शाळेच्या जनरल रजिस्टरला त्या महिन्यातले प्रवेश ओळीनं लागलेले असतात आणि हे रजिस्टर शाळा कायम जपते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि क्लार्ककडून फक्त नावं उतरवून मागा. रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण असं सगळं असतं. त्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, एवढं पाळा.

आमच्या शाळेत एका बॅचनं हे केलं. आठवीत शाळा सुटलेला एक मुलगा शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करायला लागला होता. दोघं मित्र त्याच्या घरी गेले, नुसता फोन करून मोकळे झाले नाहीत. तो म्हणाला, “मी कुठं दहावीला हुतो? मला कशाला बोलावतासा?” तरी आला. फाटकाशीच उभा राहिला, शिपाईमामांनी हाताला धरून आत आणला.

वर्गात मी हजेरी घेतली, पाचवीच्या यादीप्रमाणं. त्याचं नाव त्याच्या जागी आलं. “हजर” म्हणताना तो उठून उभा राहिला, बाकी सगळे बसूनच म्हणत होते.

नंतर आम्ही एकेकाला नववीच्या मुलांसमोर आपल्या कामाबद्दल बोलायला लावलं. इंजिनिअर बोलले, बँकेतले बोलले. त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण पोरं सोडेनात. वाळूत बेंटोनाइटची चिकण माती आणि पाणी किती घालायचं, मूठ दाबून वाळू जमली का ते कसं बघायचं, साच्याच्या पेटीत पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना ठेवून वाळू कशी ठोकायची, साधारण चौदाशे अंशांचा वितळलेला रस ओतताना हात का थांबू द्यायचा नाही, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. पेटीत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून झालेल्या भागाला भोकं पडतात, हे त्या दिवशी मलाही नीट कळलं. विज्ञानाच्या बाईंनी त्याला परत बोलावलं आणि तो परत आलाही.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्याआधी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. पोरगं शाळेबाहेर राहू नये म्हणून या गावात एवढं झालं आहे. तरी जी राहिली, त्यांना निदान मेळाव्याच्या बाहेर ठेवू नका. आणि वर्गणीचा आकडा आमंत्रणात घालू नका, त्या आकड्यामुळंच कित्येकजण येत नाहीत. ज्याला जमेल त्यानं जास्त द्यावं, कुणी किती दिले ते कुठं वाचून दाखवू नये.

शिक्षकांबद्दल थोडं. “सर, ओळखलं का?” हे विचारू नका. हजारो पोरं हाताखालून गेलेली असतात, नाव आठवलं नाही की म्हाताऱ्या माणसाला फार लागतं. स्वतःच नाव सांगा, शेजारी कोण बसायचं ते सांगा, बाकीचं आम्हाला आपोआप आठवतं. ज्या बाईंना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आदल्या दिवशी चौघं-पाचजण जाऊन या. फेटा, शाल, श्रीफळ जरूर करा, आम्हाला आवडतं. पण चौकात मोठं डिजिटल बॅनर लावायचे पैसे वाचवा.

ते पैसे भेटीत घाला. भेट काय द्यावी हे मुख्याध्यापकांनाच विचारा, आणि शक्य तर शिपाईमामांना वेगळं विचारा. पाण्याचा फिल्टर बहुतेक प्रत्येक बॅच देते, पुढं त्याची कँडल बदलायला कुणी नसतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि दररोज झाडणारं माणूस, प्रयोगशाळेतली रसायनं, ग्रंथालयात नवी पुस्तकं, शाळा सुटायच्या बेतात असलेल्या दोन-तीन मुलांचा वर्षाचा खर्च, यातलं काही घेतलंत तर दरवर्षी थोडं थोडं देत राहता येईल. खासगी संस्थेची शाळा असेल तर संस्थेच्या नावानं पावती घ्या. महापालिकेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीशी बोला, 2009 च्या कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेत नेमकं काय कमी आहे ते त्यांना रोज दिसतं.

अर्ज निदान महिनाभर आधी द्या. नावं उतरवायला क्लार्कला वेळ लागतो, आणि ती नावं हातात आल्यावर माणसं शोधायला तुम्हाला त्याहून जास्त लागेल. सुरुवात गल्लीपासून करा. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा पत्ता त्यांच्या माहेरच्या गल्लीत कुणाला ना कुणाला तरी ठाऊक असतोच.