मामा तलावासाठी पेडलची कयाक घ्यावी का?

भाऊ, तुमचे दोन प्रश्न: नव्या फिशिंग कयाक (मासे धरायच्या लहान, अरुंद होड्या) एवढ्या रुंद आणि जड का होत चालल्या, आणि साकोलीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गळ टाकायला पायाने चालवायची, पेडलची घ्यावी का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. घेऊ नका.

आता पहिलं. या कयाकचा मोठा गिऱ्हाईक अमेरिकेतला बास मासा धरणारा. त्याला उभं राहून गळ फेकायचा असतो, म्हणून रुंदी वाढली. प्रवासाची कयाक साधारण 22-24 इंच रुंद असते, उभं राहायची 33-36 इंचांवर जाते. दिवसभर बसायचं म्हणून खुर्चीसारखी उंच सीट आली. सीट उंच झाली की तोल वर सरकतो, म्हणून तळ आणखी रुंद करावा लागतो. रुंद तळ पाणी जास्त ढकलतो, वल्ह्याने हात भरून येतात, मग पायाने चालवायची सोय हवी. होबी कंपनीने 1997 मध्ये पेंग्विनच्या पंखांसारखी हलणारी मिराज ड्राइव्ह आणली, पुढे इतरांनी पाण्यात पंखा (प्रोपेलर) फिरवणारी पेडलं काढली. त्यावर आता फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र), बॅटरी, मोटर. प्रत्येक सोय आधीच्या सोयीचं ओझं उचलायला आलेली आहे. असं करता करता वजन 50 किलोच्या आसपास किंवा वर जातं. तिकडे गाडी पाण्यापर्यंत उतरते, ट्रेलर असतो. म्हणून त्यांना ते चालतं.

आपल्याकडे तलावाची पाळ (मातीचा बांध) चढून पलीकडे उतरायचं असतं. 50 किलोचं धानाचं पोतं माणूस पाठीवर घेतो, पण 12 फुटांची तेवढीच जड कयाक एकट्याला धरताच येत नाही. शिवाय आपले तलाव उथळ. कमळ, शिंगाडा, पाणवनस्पती, काठाला बेशरमाची झुडपं. पंख्यात वेल अडकला की दर थोड्या वेळाने पेडल वर ओढून साफ करत बसायचं. मिराजचे पंख तळाला चिकटवून ठेवता येतात, पण दाट वेलात तेही गुंततात. मरळ मासळी तर नेमकी तिथेच बसते. गोसेखुर्द धरणाच्या मोठ्या पाण्यात लांब जायचं असेल तर पेडलचा उपयोग आहे, पण तिथे बुडालेली झाडं आहेत, ते ध्यानात ठेवा.

तुमच्यासाठी वर बसायची (आत पाय घालायची नाही), 10 फुटांच्या आतबाहेरची, 30-32 इंच रुंद, 25 किलोच्या घरातली साधी वल्ह्याची कयाक. एवढ्या रुंदीवर बसून मजेत गळ टाकता येतो. उभं राहून फेकजाळं टाकायचं असेल तर मात्र मी आपला डोंगाच (इकडची लाकडी होडी) घेईन. त्याच्यावर ढिवर (मच्छीमार) भावांचा हात बसलेला आहे, त्यांच्याकडून शिका. तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी त्यांना विचारा.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाहीत. या कयाक बहुतेक पॉलिथिलीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. मे महिन्यात उन्हात पट्टे करकचून बांधून गाडीवर ठेवली की तळाला खोलगट वाकण येतं. माझ्या पहिल्या कयाकला आलं होतं. उलटी करून उन्हात ठेवली आणि आतून दाबली, तेव्हा बरीच सरळ झाली, पण पूर्ण नाही. सावलीत, कुशीवर आडवी, दोन ठिकाणी जाड चिंध्यांचा टेका देऊन ठेवा. आणि लाईफ जॅकेट अंगात घालूनच उतरा, सीटमागे खोचून नाही.