रिपॉझिटरीचं धोरण लिहिताय? 'माझा डेटा काढून टाका' या ईमेलपासून सुरुवात करा

विद्यापीठाच्या रिपॉझिटरीचं, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवण्याच्या आणि वाटण्याच्या डिजिटल भांडाराचं, सॉफ्टवेअर बसवून झालंय, समितीने धोरणाचा मसुदा ग्रंथालयाच्या गळ्यात टाकलाय, तुम्ही इतर विद्यापीठांची धोरणं चाळून तीसेक पानं जमवलीत आणि तरी समितीच्या साध्यासाध्या प्रश्नांना त्यात उत्तर सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नवल नाही. असल्या मसुद्यांत खुल्या विज्ञानाचं महत्त्व, २०१६ साली मांडलेली फेअर तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, इतर प्रणालींशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा अशी), विद्यापीठाची बांधिलकी वगैरे रगड असतं. 'नाही' कोण म्हणणार आणि कुणाच्या सहीने, हे मात्र नसतं. माझ्या मते धोरणाचं खरं काम तेवढंच आहे: वाद होईल त्या दिवशी निर्णय कुणाचा, हे आधीच कागदावर असणं. बाकीचं माहितीपानावर टाकलं तरी चालतं.

म्हणून उलट्या टोकाने लिहायला बसा. समजा, एक प्राध्यापक ईमेल करतात, 'माझा डेटासेट काढून टाका.' चूक सापडली असेल, तर उत्तर 'नवी आवृत्ती चढवा, जुनी तशीच राहील, तिच्यावर टीप येईल.' दुसऱ्या संस्थेत निघालेत म्हणून सोबत न्यायचा असेल, तर प्रत खुशाल न्या, मूळ इथेच राहील. सहलेखक भांडतोय, तर तो वाद विभागप्रमुख किंवा संशोधन नीतिमत्ता समितीकडे. ग्रंथालयाने त्यात न्यायाधीश होऊ नये. पण एखाद्या फाइलमध्ये रुग्णाचं नाव राहून गेलंय असं कळलं, तर मात्र आधी फाइल झाकायची आणि चौकशी मागून. इथेच धोरणात दोन अधिकार वेगळे करा. तात्पुरतं झाकण्याचा अधिकार रिपॉझिटरी व्यवस्थापकाला एकट्याला, कुणालाही न विचारता. कायमचं काढण्याचा अधिकार फक्त रिपॉझिटरीच्या समितीला, लेखी कारणासह. हे दोन्ही एकाच कलमात कोंबलेलं असतं तिथे हमखास घोळ होतो: सुट्टीच्या दिवशी गंभीर तक्रार येते आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात असते.

डेटा काढला तरी पान काढायचं नाही. डीओआय, म्हणजे डेटासेटचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, एकदा दिला की लोकांनी तो आपल्या लेखांत उद्धृत केलेला असतो, त्यामुळे तो कुठेतरी पोहोचलाच पाहिजे. डेटा उपलब्ध नसला तरी मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, मिळत राहावा, हे फेअर तत्त्वांतही आहे. त्या पानावर शीर्षक, निर्माते, वर्ष राहू द्या आणि खाली एक ओळ: 'सहभागींच्या गोपनीयतेच्या कारणास्तव समितीच्या निर्णयाने मागे घेतला,' सोबत तारीख. झेनोडो हे खुलं संशोधन भांडारही मागे घेतलेल्या नोंदीच्या जागी कारण सांगणारं पान ठेवतं आणि डीओआय कायम राखतं. त्यांचं धोरण जरूर वाचा. लहान आहे आणि थेट मुद्द्याला हात घालतं.

आता 'किती वर्षं ठेवायचा?' इथे 'कायमस्वरूपी' हा शब्द मसुद्यातून आजच काढा. जे वचन अर्थ विभाग पाळू शकत नाही ते ग्रंथालयाने देऊ नये. दहा वर्षं हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. जर्मनीत संशोधनाला निधी देणाऱ्या डीएफजी या संस्थेच्या नियमावलीत तो आहे, ब्रिटनमधल्या तशाच ईपीएसआरसी या संस्थेच्या धोरणातही आहे. पण ईपीएसआरसीने त्यात एक शहाणपणाची मेख मारली आहे: कुणी तिऱ्हाइताने डेटा मागितला, तर दहा वर्षं त्या शेवटच्या मागणीपासून मोजायची. म्हणजे वापरात असलेला डेटा आपोआप टिकतो आणि कुणी विचारत नाही त्याचा आढावा घेता येतो. मला ही रचना सगळ्यात व्यवहार्य वाटते. फक्त आढावा कोण घेणार ते नावानिशी नव्हे, पदानिशी लिहा. आणि रिपॉझिटरीच बंद पडली तर डेटा कुठे जाईल, याचंही एक वाक्य हवं. पुढेमागे कोअरट्रस्टसील या रिपॉझिटरींच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केलात, तर त्यांच्या १६ निकषांत सेवेच्या सातत्याचा प्रश्न येणारच आहे.

संवेदनशील डेटाबद्दल तुमच्या मसुद्यात 'नावे काढून टाकावीत' एवढंच आहे म्हणता. ते पुरत नाही. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. नाव नाही, पत्ता नाही, तरीही. त्यामुळे धोरणात असं लिहा की माणसांविषयीचा डेटा जमा करताना संमतीपत्राचा कोरा नमुना जोडणं बंधनकारक आहे. संमतीपत्रात 'माहिती फक्त या प्रकल्पासाठी वापरली जाईल' असं छापलेलं असेल, तर तुम्ही कितीही निनावी केलंत तरी तो डेटा खुला करण्याआधी नीतिमत्ता समितीला विचारावं लागेल. हे प्रकल्प संपल्यावर कळून उपयोग नाही, म्हणून नीतिमत्ता समितीच्या अर्जातच डेटा सामायिक करण्याचा प्रश्न घालून घ्या. रिपॉझिटरीच्या धोरणातली अर्धी लढाई नीतिमत्ता समितीच्या त्या अर्जावरच जिंकली जाते. बंदिस्त प्रवेशाची सोय ठेवणार असाल, तर मागणी कोण मंजूर करतं हे लिहा. मूळ संशोधक निवृत्त झाल्यावर कोण, हेही लिहा. एम्बार्गोला, म्हणजे डेटा खुला करणं काही काळ रोखून धरण्याला, शेवटची तारीख सक्तीची करा. 'लेख प्रसिद्ध होईपर्यंत' ही तारीख नव्हे. काही लेख कधीच प्रसिद्ध होत नाहीत.

परवान्यावर फार वेळ घालवू नका. डेटासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी-झिरो (कोणतीच अट नाही) किंवा सीसी-बाय ४.० (श्रेय देण्याची अट) यांपैकी एक, कोडसाठी एमआयटी किंवा अपाचेसारखा सॉफ्टवेअरचा परवाना. कोडला आमचे परवाने लावू नका, असं क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगतं. मालकीचा वाद मात्र रिपॉझिटरीच्या धोरणात ओढू नका. तो बौद्धिक संपदेच्या नियमांत असतो. तुम्हाला फक्त डेटा ठेवण्याचा, प्रती काढण्याचा, फॉरमॅट बदलण्याचा आणि वाटप करण्याचा हक्क जमा करताना लिहून घ्यायचा आहे. फॉरमॅट बदलण्याचा हक्क बरेच जण विसरतात.

तपासणी किती करायची, हाही तुमचा प्रश्न आहे. 'फायनल_नवी२' नावाची एक्सेल फाइल येते, त्यात 'व्ही१, व्ही२, गट' असे स्तंभ आणि मधेमधे उणे ९९. ते तापमान आहे की 'उत्तर दिलं नाही' याची खूण, हे फाइल उघडून कळत नाही. निकाल बरोबर आहेत का, हे तपासणं ग्रंथालयाचं काम नाही आणि तसं धोरणात स्पष्ट म्हणा. पण डेटाची ओळख करून देणारी रीडमी फाइल आहे का, प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक दिलंय का, फाइल उघडते का, एवढं पाहून परत पाठवण्याचा अधिकार तुमच्याकडे हवा. हा अधिकार नसेल तर वर्षभरात गोदाम होतं. अर्थात त्यासाठी माणूस लागतो. तो मिळणार नसेल तर तपासणीचं कलम लिहूच नका. पाळलं न जाणारं कलम नसलेल्या कलमापेक्षा वाईट.

राहिली लांबी. फाइलच्या आकाराची मर्यादा, चालणारे फॉरमॅट, चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे ओळखण्याचा अंक) किती दिवसांनी तपासायचा, मेटाडेटाचे रकाने हे सगळं वेगळ्या कार्यपद्धतीच्या कागदात टाका, म्हणजे फॉरमॅटची यादी बदलायला दर वेळी विद्वत परिषदेत जावं लागणार नाही. धोरण चार पानांत बसतं. समितीपुढे नेण्याआधी वरच्या ईमेलसारखी पाचसहा प्रकरणं लिहून काढा आणि मसुदा न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या. त्याला कलम क्रमांकासह उत्तर सापडलं नाही, तर ते कलम पुन्हा लिहा.