कळसूबाई झालंय, मग बेन नेविस जमेल का?

ताई, तुमचा हिशोब कळला. कळसूबाई १६४६ मीटर, स्कॉटलंडमधला आणि ब्रिटनमधला सर्वात उंच डोंगर बेन नेविस १३४५, आणि कळसूबाई चारदा झालंय; म्हणजे जूनमध्ये लेकीकडे ग्लासगोला आल्यावर हे सहज होईल. मीही पहिल्या वर्षी असाच हिशोब करून गेलो आणि अर्ध्या वाटेवरच्या तळ्यापासून मुकाट परत फिरलो.

गोम अशी, की कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघतानाच आपण बऱ्यापैकी उंचीवर असतो. बेन नेविसच्या पायथ्याचं फोर्ट विल्यम गाव मात्र खाडीकाठी वसलंय. तिथल्या ग्लेन नेविस दरीतून निघालात की जवळजवळ सगळे १३०० मीटर पायांनीच चढायचे. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, सात ते नऊ तास. वाटेत ना लिंबूसरबत, ना भजी.

तुम्ही चढाल, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती वरच्या हवेची. माथा बहुतेक दिवस ढगात असतो, जूनमध्येही बर्फाचे पट्टे लागू शकतात. धुक्यात उतरताना एका बाजूला उत्तरेचा सरळ कडा, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गली नावाची खोल, तीव्र उताराची घळ. वाट या दोन्हींच्या मधून जाते. दगडांच्या खुणा आहेत, तरी नकाशा-होकायंत्र वापरता येणारं कुणीतरी सोबत हवंच. आणि आपल्याकडे पावसात भिजणं म्हणजे मजा. इथे वाऱ्यात भिजलात तर हुडहुडी थांबत नाही. सुती कपडे घरीच ठेवा. १८८३ ते १९०४ या काळात माथ्यावर वेधशाळा होती, माणसं ऐन हिवाळ्यातही तिथे राहून नोंदी घेत. तिचे अवशेष दिसतील. म्हणजे, ढग हटले तर.

माझं मत विचाराल तर फोर्ट विल्यमला तीन दिवस ठेवा आणि चढाईचा वार आधी ठरवू नका. डोंगरांसाठी वेगळा हवामान अंदाज निघतो, तो आदल्या संध्याकाळी बघा. माथा झाकलेला असेल तर सरळ स्टील धबधब्याला जा. ग्लेन नेविसचा रस्ता संपतो तिथून घळीतली खडकाळ वाट, खाली नदीचा खळाळ, आणि वळण घेतलं की अचानक मोकळं कुरण नि समोर १२० मीटरवरून कोसळणारं पाणी. तिथे तीन तारांचा पूल आहे: एक पायाखाली, दोन हातात. मी अर्ध्यात लटपटलो, आमची सौ. दोनदा जाऊन आली! खरं सांगायचं तर मला ही वाट बेन नेविसपेक्षा जास्त आवडते.

ग्लासगोहून येताना रेल्वेनेच या, रॅनक मूरची ओसाड दलदल खिडकीतून बघायची चीज आहे. आणि डोक्यावर घालायची जाळी घ्या. जूनमध्ये वारा पडला की मिजेस नावाची बारीक चिलटं असा हल्ला करतात की डबा उघडून घास घेणं मुश्कील.