धुऱ्याच्या भांडणात धाकट्या भावावर गुन्हा दाखल झाला आहे. वकील केव्हा आणि कोणता लावावा?

तुम्ही लिहिले आहे की शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणात तुमच्या चोवीस वर्षांच्या भावावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) (घातक हत्याराने दुखापत) आणि ३५२ (शांतता भंगावी म्हणून केलेला अपमान) खाली गुन्हा दाखल झाला आहे, पोलिसांनी अटक न करता नोटीस दिली आहे, आणि दोषारोपपत्र येईपर्यंत वकिलाची गरज नाही असे गावातली जाणती माणसे सांगत आहेत. तालुक्याचा वकील लावावा की नागपूरचा, हाही तुमचा प्रश्न आहे. भाऊ, मी वकील नाही, कास्तकार आहे. परंतु माझ्या थोरल्या भावावर २०१७ साली धुऱ्याच्याच भांडणातून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली, म्हणजे आजच्या ११८(१) सारख्याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला होता, आणि २०२३ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता होईपर्यंत बहुतेक तारखांना यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुका न्यायालयात मी त्याच्यासोबत उभा होतो. त्या अनुभवावरून सांगतो की वकील आजच लावा.

गावातल्या माणसांचे म्हणणे चुकीचे का आहे, ते आधी सांगतो. गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र येणे आणि न्यायालयाने आरोप निश्चित करणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आपल्याकडे तिन्हींना सरसकट ‘केस झाली’ म्हणतात. त्यामुळे खरी लढाई शेवटच्या पायरीवर सुरू होते असा समज होतो. वास्तविक तपासाच्या दिवसांत जे कागदावर येते, त्याच्यावरच पुढची अनेक वर्षे खटला चालतो. तुमच्या भावाला मिळालेली नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी ऊठसूट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे, आणि ११८(१) ची शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. नोटिशीप्रमाणे भाऊ हजर राहत असेल, तर कारणे लेखी नोंदवल्याशिवाय पोलीस त्याला अटक करू शकत नाहीत. मात्र तो गेलाच नाही, तर ते संरक्षण जाते. म्हणून त्याने जावे, वेळेवर जावे, पण त्याआधी वकिलाशी बोलून जावे. चौकशीच्या पूर्ण वेळी नसले तरी चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्या माणसाला कायद्याने दिलेला आहे, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे.

सह्यांच्या बाबतीत फार जपा. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेण्याची तरतूदच नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. परंतु आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग चालतो. त्यामुळे ‘काठी कुठे ठेवली ते दाखव, पंचनाम्यावर सही कर आणि घरी जा’ असे म्हटल्यावर न वाचता केलेली सही पुढे महागात पडते. माझ्या भावाने अशीच सही केली होती आणि सहा वर्षांनी तो कागद त्याच्यासमोर उघडला गेला, तेव्हा त्यावर काय लिहिले आहे हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

आता कोणता वकील, याकडे येतो. आमचा पहिला वकील आम्ही नावावर लावला. दूरच्या नातेवाइकाने शिफारस केली होती, कचेरी मोठी होती, आणि पहिल्याच भेटीत ते म्हणाले, ‘काही काळजी करू नका, केसमध्ये दमच नाही, मी काढून देतो.’ आम्हाला तेच ऐकायचे होते. दिवाळीनंतर विकलेल्या कापसाच्या पैशांतून पंचवीस हजार रुपये आम्ही एकरकमी दिले आणि पावती मागायचा संकोच केला. त्यानंतर दीड वर्षात ते स्वतः तीनदा न्यायालयात आले. बाकी तारखांना एक नवखा मुलगा यायचा, ज्याला आमचे प्रकरण ठाऊक नसायचे. एकदा त्यांच्याकडून आम्हाला तारीख चुकीची कळली, पुकारा झाला तेव्हा ना आरोपी हजर ना वकील, आणि अजामीनपात्र वॉरंट निघाले. पहाटे पाच वाजता पोलीस दारात आले, तेव्हा भाऊ गोठ्यात गाय दोहत होता. अर्धी भरलेली बादली तशीच ठेवून तो त्यांच्यासोबत गेला, आणि माझ्या वृद्ध आईने त्यानंतर महिनाभर दाराला आतून कडी लावल्याशिवाय डोळा मिटला नाही. वॉरंट त्याच दिवशी दंड भरून रद्द झाले, पण ज्या गोष्टीला हजेरी माफीचा एका पानाचा अर्ज पुरला असता, तिच्यासाठी घराने हे भोगले. (तारखेसाठी आता कोणाच्याही तोंडाकडे पाहू नका. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपवर खटल्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तो क्रमांक घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.)

दुसरे वकील आम्हाला मिळाले ते तालुका न्यायालयाच्या आवारातच, पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसणारे. त्यांनी खुर्ची दिली, चष्मा लावला आणि तोंडातून शब्द न काढता संपूर्ण दोषारोपपत्र वाचले. आम्ही जवळजवळ पाऊण तास समोर बसून होतो. मग त्यांनी दोन पाने शेजारी शेजारी ठेवली. एका पानावर फिर्याद होती, ज्यात विळ्याने मारल्याचे लिहिले होते. दुसऱ्यावर ग्रामीण रुग्णालयाचे जखमेचे प्रमाणपत्र होते, ज्यात जखम कठीण व बोथट वस्तूने झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले होते. हे दोन्ही कागद पहिल्या वकिलाकडे दीड वर्ष पडून होते. त्यानंतर त्यांनी भावाला सरळ विचारले, ‘विळा हातात होता का?’ भावाने माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि सांगितले की होता, तो गवत कापत होता, पण त्याने धक्का दिला आणि समोरचा माणूस दगडावर पडला. ही गोष्ट त्याने तोवर मलाही सांगितली नव्हती. वकील एवढेच म्हणाले की हे आता कळले ते बरे झाले, उलटतपासणीत कळले असते तर मी काही करू शकलो नसतो.

म्हणून माझे सांगणे असे की पहिल्या भेटीत वकील काय आश्वासन देतो ते न पाहता तो काय विचारतो ते पाहा. जो प्रथम खबर अहवालाची प्रत मागतो, भांडणाची नेमकी वेळ विचारतो, तुमच्या भावालाही मार लागला होता का आणि त्याची दवाखान्यात नोंद आहे का हे विचारतो, मोजणीचा नकाशा आणि सातबारा पाहू इच्छितो, आणि तुम्हाला न आवडणारे प्रश्न तोंडावर विचारतो, तो माणूस काम करणारा आहे असे समजा. त्याच्यापासून काहीही लपवू नका. तुम्ही वकिलाला त्याच्या व्यवसायाच्या नात्याने सांगितलेली गोष्ट तुमच्या संमतीवाचून उघड करण्यास भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३२ त्याला मनाई करते. ‘साहेबांशी बोलून मॅनेज करतो’ असे जो म्हणतो, त्याच्या टेबलावरून त्याच क्षणी उठा, मग तो कितीही जवळचा असो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक करतात. न्यायालय सर्वांसाठी खुले असते. ज्या वकिलाचा विचार करत आहात, तो कुठल्याशा फौजदारी खटल्यात साक्षीदार तपासत असेल त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा. फेरफार, वाटणी आणि ताब्याचे दिवाणी दावे उत्तम चालवणारे वकील तालुक्यात पुष्कळ असतात, परंतु फौजदारी उलटतपासणी हे वेगळे काम आहे. लहान तालुक्यात हेही विचारून घ्या की समोरच्या पक्षाचे वाटणीपत्र किंवा जुना दावा याच वकिलाने तर केलेला नाही ना.

तालुका की नागपूर, याचे उत्तर यातच आले आहे. हा खटला तुमच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालेल, साक्षीदार तिथेच येतील, आणि वर्षानुवर्षे दर तारखेला तिथे उभा राहणारा माणूस तुम्हाला हवा आहे. नागपूरचा वकील प्रत्येक तारखेला येणार नाही आणि आला तर त्याचा खर्च तुम्हाला झेपणार नाही. अटकपूर्व जामिनाची वेळ आली, तर तो अर्ज तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालत नाही. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करावा लागतो. कलम ११८(१) अजामीनपात्र असल्याने याविषयी वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. नागपूर खंडपीठाची गरज मुख्यतः आणखी एका प्रसंगी पडेल: शेजाऱ्याशी समेट झाला तर. ११८(१) हे कलम आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे दोघांनी तालुक्यात लिहून दिले तरी खटला आपोआप संपत नाही; तो रद्द करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तेवढ्या कामासाठी नागपूरचा वकील लावा, आणि तोही तालुक्याच्या वकिलाच्या सल्ल्याने.

फीबद्दल मोकळेपणाने बोला, त्यात कमीपणा नाही. जामिनाचे किती, दोषमुक्तीच्या, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडून देण्याच्या, अर्जाचे किती, साक्षीपुराव्याचे किती, असे टप्प्याने ठरवा आणि कागदावर घ्या. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचा. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे ‘सुटला तर इतके द्या’ असा सौदा करू नका. पुढे वकील बदलावा लागला आणि फी बाकी असल्याचे सांगून त्याने तुमचे कागद अडवले, तर तसे करता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. आम्हाला हे माहीत नसल्याने आमची फाइल परत मिळवण्यात चार महिने गेले.

तुमच्या प्रश्नातल्या ज्या ओळीने मला खरी काळजी वाटली, ती भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो ही आहे. न्यायालयाच्या आवारात कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल की गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा, कशाला पाच वर्षे चकरा मारता. माझ्या भावालाही सांगितले होते, आणि पेरणीच्या दिवसांत तारखा पडू लागल्या तेव्हा तो त्याला तयारही झाला होता. कबुली म्हणजे दोषसिद्धी. दंड पाचशे असो की पाच हजार, नोंद दोषसिद्धीचीच राहते, आणि चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. चोवीस वर्षांच्या मुलाने तारखांना कंटाळून अशी सही करू नये. त्याला कितीही चकरा पडल्या तरी तुम्ही त्याच्यासोबत जा. याउलट, खटला चालू असल्याची माहिती भरतीच्या साक्षांकन नमुन्यात विचारली असेल तर ती खरी भरा. माहिती लपवणे हेच उमेदवारी रद्द होण्याचे कारण ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. भावाच्या वयाचा आणि भरतीचा विचार करता त्या अर्जाला जागा आहे का, हे वकिलाला मुद्दाम विचारा.

पैशांची अडचण असेल तर ती सांगण्यात संकोच करू नका. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. आपल्याकडच्या बहुतेक कोरडवाहू कास्तकारांना त्याचा लाभ मिळू शकतो. फौजदारी खटल्यांसाठी आता जिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालयेही सुरू झाली आहेत, जिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. फुकटचा वकील लक्ष देत नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आमच्या पंचवीस हजारांच्या वकिलाने किती लक्ष दिले ते वर लिहिले आहे.

उद्या जाताना प्रथम खबर अहवाल, पोलिसांची नोटीस, भावाच्या अंगावर काही वळ किंवा जखम असेल तर दवाखान्याचा कागद आणि तारखेसह फोटो, सातबारा, आणि पूर्वी मोजणी झाली असेल तर तिची प्रत एका पिशवीत घ्या. जामीनदार लागला तर ऐनवेळी धावपळ नको म्हणून ज्याच्या नावावर जमीन आहे अशा एखाद्या विश्वासू माणसालाही आधीच विचारून ठेवा. आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि भावाला सोबत न्या, तुम्ही एकटे जाऊ नका. वकिलाने प्रश्न विचारले की उत्तर त्यालाच देऊ द्या. गरज वाटली तर तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा, कारण माझा भाऊ विळ्याची गोष्ट इतकी वर्षे बोलला नाही, ती बहुधा माझ्यासमोर बोलावी लागेल म्हणूनच बोलला नसावा.