‘चकचकीत’ करण्याआधी मुठीवरचे ठिपके वाचून घ्यावेत

डिचोलीच्या घराच्या माळ्यावर आजोबांची तलवार सापडली, ती गंजली आहे, मूठ हलते आहे आणि दसऱ्याआधी ती एखाद्या दुकानात देऊन चकचकीत करून घ्यावी काय, असे आपण विचारले आहे. ‘चकचकीत’ हा शब्द वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. फोंड्याच्या आमच्या घरातील तलवारीबाबत मीही बारा वर्षांपूर्वी हेच ठरवले होते. मी धातुशास्त्रज्ञ नाही आणि वकीलही नाही; हाताने पोळलेल्या माणसाचे बोल म्हणून पुढचे वाचावे.

आमच्या तलवारीच्या मुठीवर जी गोल तबकडी असते, तिच्या आतल्या अंगाला बारीक ठिपके ठोकून काढलेली अक्षरे होती. ‘श्री’ स्पष्ट दिसत होते. पुढची चार-पाच अक्षरे आणि बहुधा एक आकडा गंजाखाली दडला होता. गंज निघाला की सावकाश वाचू, अशा समजुतीत मी ना छायाचित्र काढले, ना पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. तलवार एका कारखान्यात दिली. नाव घेत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी काम चोखच केले. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा हॉटेलातल्या चमच्यासारखी लखलखत होती. बफिंगच्या चाकाखाली ठिपके गेले, परजेवरची, म्हणजे हाताचे रक्षण करणाऱ्या पट्टीवरची, चांदीची कोफ्तगिरी (पोलादावर ठोकून बसवलेली तारेची नक्षी) गेली, पात्यावरच्या लांब पन्हळींच्या कडा गोलावल्या आणि हलणारी मूठ एपॉक्सी भरून कायमची बसवली गेली. बिलात ‘खड्डे काढणे’ म्हणून दोनशे रुपये वेगळे लावले होते. ते खड्डे म्हणजेच अक्षरे होती.

पणजोबांनी ही तलवार १८९५ च्या, सत्तरीतल्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या बंडात कमरेला लावली होती, असे आमच्या घरी सांगतात. तसे असेलही. पण बिकानेरच्या शस्त्रागारातील तलवारींवरही असेच ठिपक्यांचे देवनागरी लेख असतात, आणि ती पाच अक्षरे कदाचित सत्तरीऐवजी राजस्थानकडे बोट दाखवणारी निघाली असती. आता दोन्ही बाजूंनी बोलायला पुरावाच उरलेला नाही.

आपले पाते सरळ आहे असे आपण लिहिता, म्हणजे ते फिरंग असू शकते: युरोपातून आलेले पाते आणि त्यावर इकडची मूठ. मात्र धावत्या लांडग्याची खूण दिसली म्हणून लगेच जर्मनीतल्या एखाद्या गावाला पोहोचू नये. ती पासाऊ आणि झोलिंगेन या दोन्ही जर्मन गावांची खूण आहे आणि तिची नक्कलही भरपूर झाली. ‘आंद्रेआ फेरारा’ हे एका इटालियन तलवारकाराचे नाव तर कितीतरी कारागिरांनी आपापल्या पात्यांवर कोरले. शिवाय मूठ मोडली की जुन्या पात्याला नवी बसवत, त्यामुळे पात्याचे वय आणि मुठीचे वय वेगवेगळे धरूनच शोध घ्यावा.

मूठ मुळात राळ-लाखेच्या मिश्रणाने बसवलेली असते. ती हलते म्हणून घरी विस्तवावर धरू नये, पात्याचे पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरण्याचा धोका असतो. गंजाचे म्हणाल, तर काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. तांबडा, भुगा सुटणारा गंज तेवढा काढावा, तोही शिवणयंत्राचे तेल लावून दोन दिवस मुरू दिल्यावर, बांबूच्या किंवा हाडाच्या चपट्या काडीने. चिंच आणि भिरंडाची (कोकमाची) सोले समईसाठी ठेवावीत. आंबट पदार्थ लोखंड खातो. खोबरेल तेलही नको, ते खवट होऊन चिकट राप धरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, म्हणून पाते म्यानाबाहेर, सुती कापडात गुंडाळून ठेवावे. उघड्या हाताने पात्याला स्पर्श करू नये, घामातले मीठ बोटांचे ठसे उमटवते.

उगमाच्या शोधासाठी पुरातन वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाण्याआधी घरातली ट्रंक उघडावी, असे माझे ठाम मत आहे. गोव्यात वारसाहक्काच्या ‘इन्व्हेंतार’मध्ये घरातल्या वस्तूंची मोलासह यादी होत असे. आमच्या पणजोबांच्या यादीत तांब्याच्या हंड्याखाली ‘उमा एश्पादा व्हेल्या’, म्हणजे एक जुनी तलवार, एवढी एक ओळ सापडली. तेव्हाच ती जुनी होती, इतके तरी कळले. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही कागद आहेत, पण नाव, गाव आणि अंदाजे साल हाताशी असल्याशिवाय तिथे गेल्यास दिवस वाया जातो.

कायद्याबाबत जाणकार वकिलाला विचारावेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याचा उल्लेख आहे, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट द्यायचा विचार असेल, तर तो आताच सोडावा.

आज संध्याकाळी एवढेच करावे: खोलीत अंधार करून विजेरी एका बाजूने तिरपी धरावी आणि तबकडीची आतली बाजू, परज आणि मुठीलगतचे पाते यांची छायाचित्रे काढावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिरप्या उजेडात ठिपक्यांची सावली पडते आणि गंजाखालचेही पुष्कळ दिसते. आणि खंडेनवमीला हळद-कुंकू म्यानाला लावावे. ओले कुंकू पात्यावर रात्रभर राहिले की सकाळी तिथे तांबडा डाग दिसतो, आणि तो कुंकवाचा नसतो.