कारखान्यातील स्वयंचलनासाठी कोणते वायरलेस मानक निवडावे?

झिगबी, वायरलेसहार्ट, आयएसए १००.११ए, वायफाय आणि ५जी यांपैकी कारखान्यातील स्वयंचलनासाठी सर्वांत योग्य कोणते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही तुलना डेटाच्या वेगापासून सुरू करू नये. संदेश उशिरा पोहोचल्यास काय बिघडेल, हे आधी ठरवावे.

पहिली तिन्ही मानके आयट्रिपलई ८०२.१५.४ या कमी ऊर्जेच्या एकाच रेडिओ-मानकावर आधारलेली आहेत आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तिन्हींचा वेग सेकंदाला २५० किलोबिट इतकाच आहे. खरा फरक वेळेच्या वाटणीत आहे. झिगबीचे जाळे साधारणपणे एकाच चॅनेलवर राहते आणि चॅनेल मोकळा सापडला की उपकरण संदेश पाठवते. त्यामुळे शेजारी वायफायची वर्दळ असेल तर संदेश किती वेळ अडकेल याची खात्री देता येत नाही. वायरलेसहार्टमध्ये मात्र १० मिलिसेकंदांचे कालखंड उपकरणांना आधीच नेमून दिलेले असतात आणि चॅनेल सतत बदलत राहतो, त्यामुळे हरवलेला संदेश पुन्हा पाठवताना तो दुसऱ्या चॅनेलवरून आणि शक्य असल्यास दुसऱ्या मार्गाने जातो. पोलादी टाक्या आणि पाइप यांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना छेद देऊन एखाद्या जागी ठरावीक वारंवारिता जवळजवळ पुसून टाकतात, म्हणून चॅनेल बदलत राहण्याचा हा गुण मला निर्णायक वाटतो. आयएसए १००.११ए चे तत्त्व हेच आहे, शिवाय त्याला आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, आधार आहे. परंतु ही दोन मानके परस्परांशी थेट बोलत नाहीत. प्रकल्पात हार्टची (मापन उपकरणांसाठीच्या तारेवरील संपर्क पद्धतीची) उपकरणे आधीपासून असतील, तर मी वायरलेसहार्टच निवडेन.

तापमान किंवा टाकीतील पातळी काही सेकंदांनी कळली तरी चालते, तेथे ही दोन मानके उत्तम आहेत. काही मिलिसेकंदांत प्रतिसाद मागणाऱ्या यंत्रासाठी ती नाहीत. तेथे ५ मिलिसेकंदांच्या चक्राचे आयओ-लिंक वायरलेस (यंत्रावरील सेन्सर जोडण्याचे मानक) पाहावे, आणि सर्व्हो ड्राइव्हच्या (मोटरची गती व स्थिती अचूक राखणाऱ्या नियंत्रकांच्या) समन्वयासाठी तर केबलच ठेवावी. वायफाय कॅमेरे व टॅब्लेटसाठी ठीक आहे, पण फिरत्या वाहनाचा एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे जाताना संपर्कात पडणारा खंड आधी मोजावा. मोठ्या आवारातील अनेक फिरत्या वाहनांसाठी खासगी ५जी, म्हणजे कारखान्यापुरते स्वतंत्र मोबाइल जाळे, अधिक भरवशाचे ठरू शकते, मात्र त्यासाठी स्पेक्ट्रमची परवानगी आणि मोठा खर्च गृहीत धरावा लागतो.

आणीबाणीचा थांबा वायरलेसवरून देता येतो. संपर्क तुटला की यंत्र थांबेल अशी त्याची रचना असते. त्यामुळे माणूस सुरक्षित राहतो, पण कमकुवत सिग्नलमुळे उत्पादन वारंवार थांबते. म्हणून रेडिओची चाचणी सर्व यंत्रे चालू असताना करावी.